प्रोग्राम चालला की पाणी भरा

आसावरीला वस्तू टाकवत नाहीत, हे लोणावळ्याच्या सह्यविहार सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. चिक्कीचे रिकामे खोके, मिठाईच्या डब्यांच्या सुतळ्या, लग्नपत्रिकांची पाकिटं, जो मिक्सर कधीच भंगारात गेला त्याचं झाकण, हे सगळं तिच्या माळ्यावर सुखाने नांदत होतं. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, असू दे, लागतं कधीतरी. लोणावळ्याच्या पावसात त्यातल्या निम्म्या मालाला बुरशी चढायची. बाई ती बुरशी पुसून माल पुन्हा वर ठेवायची. तिच्या सासूबाई, अनसूयाबाई, म्हणायच्या की आमच्या सुनेला लोहगड दिला तर ती तोही भरून टाकील. आसावरीलाही यावर हसू यायचं. पण हसून झालं की हातातला खोका वर जायचाच.

आणि अशा बाईने पंचेचाळिशीत पुन्हा प्रोग्राम लिहायचं मनावर घेतलं. एके काळी ती पुण्यात एका कंपनीत हेच काम करायची आणि हुशार म्हणून तिचं नाव होतं. मग मुलगी झाली, नवऱ्याची, म्हणजे मुकुलची, कामशेतच्या बँकेत बदली झाली, सासरे आजारी पडले, आणि थोडे दिवस म्हणून सोडलेली नोकरी पंधरा वर्षं सुटलेलीच राहिली. आता मुलगी शिकायला बाहेर होती. तळेगावच्या एका कंपनीने मध्येच काम सुटलेल्या बायकांना परत घ्यायचं काढलं होतं, आणि तिथे 'गो' नावाच्या भाषेत काम चालायचं. आसावरीने ती भाषा शिकायला घेतली आणि मुकुलला बजावलं, यातलं अवाक्षर कुठे काढायचं नाही. आदल्या वर्षी तिने दोन ठिकाणी अर्ज केले होते ते सगळ्या गावाला सांगून. नकार आल्यावर भिशीतल्या बायकांनी तिची जी समजूत घातली, ती नकारापेक्षा जास्त झोंबली होती. या खेपेला नोकरी मिळाली तर पेढे, नाहीतर कुणाला पत्ता नाही, असं तिने ठरवलं होतं. खरं सांगायचं तर तिला ही नोकरी इतकी हवी होती की तिचं तिलाच भय वाटायचं.

या गो भाषेबरोबर एक हत्यार मिळतं. त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. एक काळी खिडकी उघडायची, तिच्यात 'गो' असं टाइप करायचं आणि पुढे हुकूम लिहायचा. 'गो रन' म्हटलं की प्रोग्राम चालतो. 'गो बिल्ड' म्हटलं की तो बांधून तयार होतो. दुसरा एक हुकूम दिला की तुम्ही कसंही वेडंवाकडं लिहिलेलं असो, ते ओळीत बसवून परत देतं. आसावरीला हे फार आवडलं. घरातही असं काही असतं तर, असं तिच्या मनात येऊन गेलं.

पण एका बाबतीत ते हत्यार तिच्या मुळावर उठलं. प्रोग्राम लिहिताना आपण तयार पॅकेजं मागवतो, म्हणजे कुणीतरी किंवा आपणच आधी लिहून ठेवलेले कोडचे गठ्ठे. गोमध्ये एखादा गठ्ठा मागवलात आणि वापरला नाहीत, तर हत्यार प्रोग्राम बांधायलाच नकार देतं. आणलंय, वापरलेलं नाही, असं तोंडावर सांगतं आणि हाताची घडी घालून बसतं. आसावरीला पहिल्यांदा ते वाक्य दिसलं तेव्हा तिला चक्क राग आला. सासूबाईंनी इतक्या वर्षांत तिला असं स्पष्ट कधी सुनावलं नव्हतं, आणि हे कालचं पोर. उद्या लागलं तर काय, असं तिने स्क्रीनकडे बघून विचारलंसुद्धा. स्क्रीनने अर्थात ढिम्म उत्तर दिलं नाही.

मग तिला एक पळवाट सापडली. गठ्ठ्याच्या नावाआधी अंडरस्कोर, म्हणजे खालची आडवी रेघ, टाकली की हत्यार गप्प बसतं. माळ्याला पडदा लावावा तशी ही सोय होती. ही सोय कशासाठी ठेवलेली आहे ते पुस्तकात पुढच्याच परिच्छेदात दिलेलं होतं. आसावरीने तो परिच्छेद वाचला नाही. तिचं काम झालं होतं. तिने शिकताना लिहिलेलं सगळं, चाललेलं, न चाललेलं, अर्धवट, फसलेलं, अंडरस्कोरच्या पडद्यामागे रचून ठेवलं आणि प्रत्येक नव्या प्रोग्रामबरोबर ते बिऱ्हाड पुढे नेत राहिली.

त्या बिऱ्हाडात एक गठ्ठा तिच्या खास जिवाचा होता, तिने लिहिलेला पहिला, पुरता चाललेला. झालं होतं असं की सोसायटीच्या समितीत दुसरं कुणी उभं राहीना म्हणून तिला घेतलं होतं, आणि टाकी धुवायची असली की तसं ग्रुपवर कळवायचं काम तिच्याकडे आलं होतं. तेव्हा तिने ऐटीत प्रोग्राम लिहिला. तो सुरू झाला रे झाला की सोसायटीच्या ग्रुपवर समितीच्या नावाने निरोप जायचा. पाण्याचा मामला म्हणून तिने त्यात आणखी एक कडक अट घातली, की निरोप गेला नाही तर प्रोग्राम तिथल्या तिथे बंद पडावा. शिकताना चुकून निरोप जाऊ नये यासाठीही अट होती. मशीन आसावरीचा लॅपटॉप असेल तर गप्प बस. दुसरं कुठलंही मशीन असेल तर ते सोसायटीच्या ऑफिसातलंच असणार, तेव्हा निरोप पाठव. आसावरीच्या हिशेबाने जगात तेव्हा दोनच कॉम्प्युटर होते. त्यातल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरने पुढे पावसाळ्यात मान टाकली, आसावरी हाताने मेसेज लिहू लागली, आणि तो गठ्ठा पडद्यामागे गेला. त्याला टाकून देणं तिच्या जिवावर आलं. पंधरा वर्षांनंतर पहिल्यांदा काहीतरी तिच्या हातून चाललं होतं.

तळेगावच्या कंपनीने अर्ज पाहून घरी करायला एक काम दिलं. कर्मचाऱ्यांना आणायच्या गाड्यांमध्ये माणसं बसवायची. कोण कान्ह्याला चढणार, कोण कामशेतला, कोण वडगावला, आणि गाड्या कमीत कमी फिरल्या पाहिजेत. आसावरीने ते काम जीव ओतून केलं. भाजी फोडणीला टाकताना तिला गाड्या दिसायच्या. मुकुलला वाढताना तिने एकदा विचारलं, तुला कान्ह्याला उतरवलं तर चालेल का, आणि तो बिचारा पोळी हातात धरून बघत राहिला. शेवटी सगळं जमलं. तिने आपल्या लॅपटॉपवर पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं आणि देवाला नमस्कार करून पाठवून दिलं. पडद्यामागचं बिऱ्हाडही बरोबर गेलं. ते काढायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

मग काही दिवस कंपनीकडून चकार शब्द नाही. आसावरी मेल उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. आपला कोड कुणीतरी पाहिला असेल, हसले असतील आणि दुसऱ्या कामाला लागले असतील, असं तिने स्वतःला सांगून टाकलं. आधीच दुःख करून ठेवलं की नंतर कमी होतं, असा तिचा समज होता. तसं काही होत नाही, हेही तिला अनुभवाने माहीत होतं.

अशा एका सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. सर्व सभासदांना कळविण्यात येते की आज दुपारनंतर पाणी येणार नाही, बादल्या, पिंपे, पातेली, जे हाताशी असेल ते भरून ठेवावे, ही नम्र विनंती, समिती. आसावरीने वाचला आणि अध्यक्षांनी पाठवला असणार असं धरून चालली. त्र्यंबकराव, सोसायटीचे अध्यक्ष, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते आणि नम्र विनंती हे शब्द त्यांना शोभण्यासारखे होते. आपल्याला न विचारता पाठवला याचा तिला थोडा रागच आला. पण राग बाजूला ठेवून तिने पदर खोचला आणि पाणी भरायला घेतलं. अनसूयाबाईंनी गुडघे दुखत असताना स्टुलावर चढून वरची मोठी पातेली काढली. कुकर भरला, कढई भरली, देवांचं ताम्हणसुद्धा भरलं. दुपारनंतर पाणी व्यवस्थित, नेहमीपेक्षा जोरात आलं.

दुसऱ्या दिवशी असे दोन मेसेज आले आणि तिसऱ्या दिवशी तर सकाळपासून रांगच लागली. माणसं आधी घाबरली, मग चिडली, पण भरायची थांबली नाहीत, कारण न भरावं आणि नेमकं खरं निघावं, ही भीती कुणाला सुटते? सगळा राग निघाला तो कोंडाजीवर. कोंडाजी कुरवंड्याचा, सोसायटीचा वॉचमन, आणि पंपाचं बटण त्याच्या हातात. पाणी येणार नाही म्हणून मेसेज येतो आणि हा पाणी सोडतो, म्हणजे काहीतरी गौडबंगाल आहे, असं लोकांनी ठरवलं. कुणी म्हणालं तो पितो, कुणी म्हणालं टँकरवाल्याशी त्याचं साटंलोटं आहे. कोंडाजी आयुष्यात सुपारीच्या पलीकडे गेला नव्हता.

त्र्यंबकराव याच कामासाठी आसावरीच्या घरी आले. कोंडाजीलाही बोलावून घेतलं होतं, तो दाराशी उभा होता. त्र्यंबकरावांनी दोन्ही हातांनी चहाचा कप धरून समजावून सांगितलं की असं चालायचं नाही, एक तारखेपासून नवा माणूस बघावा लागेल, आणि हे मेसेज ते स्वतः पाठवत नाहीत, त्यांना वाटलं होतं आसावरी पाठवते. आसावरी म्हणाली, मला वाटलं तुम्ही. एवढ्यात त्र्यंबकरावांच्या खिशात, आसावरीच्या ओट्यावर आणि अनसूयाबाईंच्या उशाशी असे तिन्ही फोन एकदम वाजले. सर्व सभासदांना कळविण्यात येते. आतून अनसूयाबाईंनी नळ सोडल्याचा आवाज आला.

त्र्यंबकरावांचे हात कपाला होते. कोंडाजीचा फोन खाली केबिनमध्ये चार्जिंगला होता. म्हणजे मेसेज या दोघांपैकी कुणी पाठवला नव्हता. आसावरीने मेसेज या वेळी सावकाश वाचला. बादल्या, पिंपे, पातेली, जे हाताशी असेल ते. हे वाक्य कुणाचं आहे ते तिला कळलं. ते तिचंच होतं. न वाचलेला पुस्तकातला तो परिच्छेदही आता आपोआप समजला. अंडरस्कोरने हत्यार गप्प बसतं, गठ्ठा बसत नाही. प्रोग्राम सुरू झाला की त्याच्या सुरुवातीच्या ओळी चालतातच. म्हणजे जगातल्या तिसऱ्या कॉम्प्युटरवर, तिकडे तळेगावात, कुणीतरी 'गो रन' म्हणत होतं, आणि इकडे लोणावळ्यात साठ घरं पातेली काढत होती.

आता अशा वेळी शहाण्या माणसाला लाज वाटेल. आसावरीलाही वाटली, पण दुसऱ्या नंबरला. आधी आला तो आनंद. अगं बाई, चालवतायत की माझा प्रोग्राम! फेकून दिला नाही, हसले नाहीत, तीन दिवस झाले, परत परत चालवतायत. इतका आवडला असेल? समोर एका माणसाची नोकरी चालली होती आणि ही बाई मनातल्या मनात पेढे वाटत होती.

तिने तेव्हाच बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. तिने त्र्यंबकरावांना आणखी अर्धा कप चहा दिला आणि म्हणाली, जरा थांबू या, मी बघते काय ते. ग्रुपची चावी, म्हणजे प्रोग्रामला ग्रुपवर लिहू देणारा परवलीचा शब्द, तिच्याकडे होती, ती बंद केली असती तर मेसेज एका क्षणात थांबले असते आणि कुणाला कधी कळलं नसतं. पण तिची ती कडक अट आडवी आली. निरोप गेला नाही तर प्रोग्राम बंद. चावी काढली की तिकडे तळेगावात गाड्यांचा प्रोग्राम सुरू होताच कोसळणार, आणि नोकरी गेलीच म्हणून समजा. स्वतःच्या हाताने घातलेली अट, तीही सोसायटीच्या भल्यासाठी. आसावरीने कपाळाला हात लावला.

मग तिने केलं काय, तर वाट बघितली. आज चालवतील, उद्या चालवून होईल, निर्णय कळवतील, मग गुपचूप चावी काढू. दुसऱ्या दिवशी फोन वाजला की तिच्या काळजात आनंदाची उकळी फुटायची, आणि लगेच ती सगळ्यांबरोबर कपाळाला आठ्या घालून बादली घ्यायची. बराच वेळ मेसेज आला नाही तर हिलाच चैन पडेना. कंटाळले की काय? नाकारलं की काय? मग एकदाचा फोन वाजला आणि ती इतक्या उत्साहाने पाणी भरू लागली की अनसूयाबाईंनी विचारलं, तुला बरं वाटतंय ना?

संध्याकाळी कोंडाजी आला. या वेळी तो दाराशी उभा राहिला नाही, जिन्याच्या पायरीवर बसला. टोपी काढून हातात घेतली होती.

"ताई, मी कुरवंड्यास्नं रोज चालत येतोय, पर पानी सोडाय कदी चुकलो न्हाई," तो म्हणाला. "आन आता मानसं माज्या तोंडाकडं बगून बादल्या भरत्यात. सायबानं पंपाची चावी मागितलीया. काय चुकलं माजं, तेवडं तरी सांगा."

आसावरीच्या तोंडाशी दोन्ही गोष्टी आल्या, खरं आणि खोटं, आणि खोटं जरा पुढे होतं. पण तो माणूस पायरीवर बसून खरोखरच उत्तराची वाट बघत होता. स्वतःत काहीतरी कमी आहे असं त्याला वाटायला लागलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. हा चेहरा आसावरीने आरशात पुष्कळदा पाहिला होता, दोन नकारांच्या वर्षी तर रोज. तिला स्वतःची अशी शिसारी आली की डोळ्यांत पाणी आलं. कोंडाजीभाऊ, तुमचं काही चुकलं नाही, माझं चुकलंय, असं ती म्हणाली आणि त्याला चावी कुणाला देऊ नका असं सांगून आत गेली.

आधी तिने कंपनीला मेल लिहिला, कारण आधी सोसायटीला सांगितलं तर मेल लिहायचा धीर उरणार नाही, हे ती ओळखून होती. चांगलं इंग्रजी लिहायचा प्रयत्न केला, पण ही गोष्ट इंग्रजीत बसेना. शेवटी सरळ मराठीत लिहिलं. "तुम्ही माझा प्रोग्राम सुरू केलात की आमच्या सोसायटीत लोक पाणी भरतात. यात तुमचा काही दोष नाही. माझा एक जुना गठ्ठा मी आत ठेवून दिला होता. आज मी त्याची चावी बंद करते आहे, त्यामुळे तुमच्याकडे प्रोग्राम सुरूच होणार नाही. सोबत दुरुस्त केलेला कोड पाठवते आहे, पण आधी पाठवलेल्यावर निर्णय घ्यायचा असेल तर मला मान्य आहे. चूक सर्वस्वी माझी." पाठवायचं बटण दाबलं. नोकरी गेली होती. निदान आता वाट बघायची नव्हती.

मग ग्रुप. तिथे तिने सगळं सांगितलं. तिने नोकरीसाठी अर्ज केलाय, परीक्षेचा प्रोग्राम लिहिला, त्यातून हे मेसेज येत होते, कोंडाजींचा यात काडीचा संबंध नाही, त्यांची सगळ्यांसमोर माफी मागते. मग सुरू झालं. कुणी म्हणालं आमची गादी भिजली, कुणी म्हणालं आम्ही पाण्यासाठी मुंबईचे पाहुणे परत पाठवले, एकाने नुसतंच हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्र्यंबकरावांनी कोंडाजींना समितीतर्फे दिलगिरी कळवली, नम्रपणे. तोवर ठीक होतं. पण त्यानंतर जो तो एकच विचारू लागला, मग लागली का नोकरी? भिशीतल्या तर सगळ्याच जणींनी विचारलं. ज्या गोष्टीचं अवाक्षर काढायचं नव्हतं, ती आसावरीने स्वतःच्या अंगठ्याने साठ घरांत पोहोचवली होती.

अनसूयाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीही ग्रुप वाचला होता.

"म्हणजे इतके दिवस मी तुझ्या परीक्षेचं पाणी भरत होते होय?" त्या म्हणाल्या. आसावरी मान खाली घालून हो म्हणाली. अनसूयाबाई आत आल्या. "मग सांगायचं नाहीस का मला? गुपचूप कशाला करायचं असलं काम."

आसावरीला रडूच फुटलं. गुडघ्याला तेल लावून देते म्हणाली, तर सासूबाईंनी तेही लावून घेतलं नाही, आधी जेव म्हणाल्या.

सकाळी उत्तर आलं. नकार नव्हता, होकारही नव्हता. दुपारी व्हिडिओ कॉलवर बोलू, एवढंच. आसावरीने साडी नेसली, मग फार वाटतं म्हणून ड्रेस घातला, मग तोही बदलला. स्क्रीनवर दोघं होती. सुहास, तिथला प्रमुख, पस्तिशीचा असेल, आणि त्याच्या बाजूला समीक्षा, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, घाबरीघुबरी मुलगी. सुहासने आधी विचारलं, पाणी आहे ना? आसावरी म्हणाली, भरपूर. तो हसला नाही, त्यामुळे तिला आपण थट्टा केली की काय अशी धास्ती वाटली.

त्याने मग थेट विचारलं की हा गठ्ठा वापरात नव्हता, तर ठेवला का? आसावरीने सकाळी बसून याचं चांगलं, तांत्रिक उत्तर तयार केलं होतं. ते तिला आठवेना. ती म्हणाली, मला टाकवत नाही. आणि खरंच टाकवत नाही, घरी येऊन माळा बघा. सुहास म्हणाला, एकूण दिसतंय, आणि ग्रुपची चावीही तुम्ही कोडमध्येच उघडी ठेवली होती, ती कुणाच्याही हाती लागली असती. आसावरी हो म्हणाली. यावर दुसरं काय म्हणणार?

त्याने पहिला कोड उघडायला सांगितला आणि म्हणाला, आमच्यासमोर काढा. दोघं बघत असताना आसावरीने एकेक ओळ पुसली. फसलेलं गेलं, अर्धवट गेलं, शेवटी तो पहिला, पुरता चाललेला गठ्ठाही गेला. बोट जरा अडखळलं, पण गेला. तिने 'गो बिल्ड' टाइप केलं. हत्यार काहीच बोललं नाही. त्याची रीतच तशी आहे, चुकलात तर बोलतं, बरोबर असलात तर गप्प. पंधरा वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला ही शाबासकी ओळखता येत होती.

समीक्षाने तिकडे तोच कोड चालवला आणि एकदम म्हणाली, आता लगेच सुरू झाला. मग तिने सुहासकडे बघितलं, त्याने मान हलवली, आणि ती सांगायला लागली. आसावरीचा प्रोग्राम तपासायचं काम तिच्याकडे होतं. गाड्यांचं सगळं बरोबर येत होतं, पण सुरू व्हायला दोन-तीन सेकंद लागायचे, निरोप जाईपर्यंत. तो वेळ कशात जातोय ते तिला सापडेना, म्हणून ती पुन्हा पुन्हा चालवून बघत होती. म्हणजे आवडला म्हणून नव्हे. आसावरीने ज्यासाठी मनात पेढे वाटले, ते सगळं एका पोरीचं डोकं धरून बसणं होतं.

"मी महिन्यापूर्वीच लागले आहे," समीक्षा म्हणाली. "त्या अंडरस्कोरच्या ओळी रोज दिसत होत्या, पण मला वाटलं, इतक्या मोठ्या बाईंनी ठेवल्यात म्हणजे काहीतरी कारण असेल. मला वाटलं मलाच जमत नाहीये. सरांना सांगायचीही लाज वाटत होती."

मलाच जमत नाहीये. हे तर आसावरीचं वाक्य होतं, गेली कितीतरी वर्षं तिने ते दुसऱ्या कुणाला वापरायला दिलं नव्हतं. तळेगावात ही मुलगी आणि पायरीवर कोंडाजी, दोघंही आपापल्या ठिकाणी आपलंच काय चुकलं ते शोधत बसली होती, आणि चुकली होती आसावरी.

"अगं, तुझं काही चुकलं नव्हतं गं," ती म्हणाली. मुलाखतीत अगं म्हणायचं नसतं हे तिच्या लक्षात राहिलं नाही. "माझं होतं. आणि तुला शंका आली, तिथेच तू बरोबर होतीस. पुढच्या वेळी असं कुणाचं काही दिसलं की बेधडक विचार, ठेवलंय कशाला म्हणून. मोठी बाई बिई काही बघू नकोस."

समीक्षा पहिल्यांदा हसली. सुहासने काहीतरी लिहून घेतलं. मग त्याने सांगितलं की गाड्यांचा हिशेब त्यांच्या स्वतःच्या प्रोग्रामपेक्षा नेटका आहे, आणि आपली चूक आपण होऊन कळवणारा माणूस त्यांना या कामाला हवा आहे. सुरुवातीला शिकाऊ म्हणूनच घेतील, आणि आसावरीने लिहिलेली प्रत्येक ओळ आधी समीक्षा तपासेल, एकही अंडरस्कोर तिला विचारल्याशिवाय जाणार नाही. हे चालणार असेल तर सोमवारी येऊ शकाल का?

"घरी विचारून सांगते," आसावरी म्हणाली.

शब्द तोंडातून गेले आणि मग तिला ऐकू आले. भिशी कुठे ठेवायची, सहलीला येणार का, हळदीकुंकवाला कधी येता, कुणी काहीही विचारलं की पंधरा वर्षं हेच उत्तर तोंडातून जात आलं होतं, विचार न करता, आपोआप. स्क्रीनवर सुहासने बरं म्हणून पेन खाली ठेवलं. समीक्षाचा चेहरा उतरला. आसावरीने घराकडे नजर टाकली. मुकुल बँकेत होता. सासूबाई पलीकडच्या खोलीत झोपल्या होत्या. विचारायचं होतं कुणाला, आणि काय?

"नाही," ती म्हणाली. "विचारायचं काही नाहीये. येते मी सोमवारी."